पांढरा ठिपका

"अनंता, कान मोठा झालाय," आत्याबाई खिडकीतून म्हणाल्या.

अनंतभाऊजी अंगणात शिडीवर उभे होते. समोर लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड आणि कापडावर हिरोचं तोंड, माझ्या उंचीपेक्षा मोठं. डाव्या हातातल्या फोटोकडे त्यांनी बघितलं, मग कापडाकडे.

"फोटोत एवढाच आहे, आई."

"फोटोत असेल. फोटो बघायला लोक टॉकीजवर येत नाहीत. केस ओढ खाली."

त्यांनी करवंटीतल्या काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि केस खाली ओढले. कान बेतात आला.

मी तेव्हा मागच्या दारात होते. नळावरून पाणी आणलं होतं. कळशी उंबऱ्याबाहेर ठेवली, फळीवरचा हाताएवढा आरसा घेतला, करंडा उघडला आणि कपाळाला कुंकू लावलं. मग कळशी उचलून आत गेले.

चैत्रातला मंगळवार होता तो. माझे मालक जाऊन सोळा दिवस झाले होते, आणि खिडकीपाशी पलंगावर पडून असलेल्या त्यांच्या आईला, आत्याबाईंना, ते माहीत नव्हतं.

मालक ट्रकवर होते. माल घेऊन आंध्रात गेले आणि तिकडेच रस्त्यावर अपघातात गेले. तार घरी न येता टॉकीजवर आली, कारण कुठल्याही कागदावर ते भावाच्या कामाचाच पत्ता द्यायचे. अनंतभाऊजी टॉकीजवरूनच परस्पर तिकडे गेले आणि सगळं उरकून, डोकं भादरून पाचव्या दिवशी परत आले. आईला म्हणाले, बालाजीला जाऊन आलो.

"तू? देवाला?" आत्याबाई म्हणाल्या होत्या. "बरं. लाडू कुठाय?"

"वाटेत संपले."

"सगळे?"

"भूक लागली होती."

आत्याबाई त्यांच्या डोक्याकडे बघत राहिल्या.

सांगायचं नाही असं डॉक्टरांनीच बजावलं होतं. दोन वर्षांपूर्वी नळावर पाय घसरून आत्याबाईंचा खुबा मोडला, तेव्हापासून त्या पलंगावर, आणि त्यात छाती अधू झालेली. डॉक्टर म्हणाले, धक्का बसला तर हातात काही राहणार नाही. मग मी घरात सवाष्ण आणि दाराबाहेर विधवा, असं सुरू झालं. बाहेर पडताना मागच्या दारात कपाळ पुसायचं, गल्लीला वळसा घालून अंगणापलीकडच्या नळावर जायचं, परत आलं की लावायचं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे गप्प होते. अंगणात चौकट उभी असायची, तिच्याआड नळ झाकला जायचा, त्यामुळे खिडकीतून दिसायची भीती नव्हती. असं आम्ही धरून चाललो होतो.

मला त्या दिवसांत काही होत नव्हतं. आमटीत मीठ आहे की नाही ते कळायचं नाही. चहा ओतायला लागले की कप भरून बशीत यायचा, बशी भरून फरशीवर, आणि मी बघत असायचे. रडू आलं नाही. येईल म्हणून वाट बघून झाली, मग तेही सोडलं.

एरवी लोकांच्या घरी सासू कीर्तनाला जाते आणि सून सिनेमाला. आमच्या घरी उलटं होतं. मी लहानपणापासून कीर्तनवेडी. कराडला कृष्णाबाईचा उत्सव लागला की संध्याकाळी स्वयंपाक आवरून मी घाटावर, पुढच्या सतरंजीवर. आणि आत्याबाई दर शुक्रवारी पहिल्या खेळाला. बायकांच्या बाजूला तिसरी रांग, पंख्याखालची खुर्ची. दारावरचा माणूस ती खुर्ची फडक्यानं झाडून ठेवायचा. त्यांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून नटनट्यांची चित्रं चिकटवलेली होती, बोटभर जागा रिकामी नव्हती. लग्नानंतर मी तिथं कोपऱ्यात कृष्णाबाईचं एक लहान चित्र लावलं, तर म्हणाल्या, "लाव. पण हिरोइनच्या तोंडावर नको."

अनंतभाऊजी त्यांच्यावरच गेलेले. पोरपणी गाण्यांच्या चोपडीवरची तोंडं फरशीवर खडूनं काढायचे, मोठेपणी टॉकीजचे पेंटर झाले. आमच्याकडे पिक्चर यायचा तो कोल्हापुरात आठ-दहा आठवडे चालून झाल्यावर. भाऊजी आधीच कोल्हापूरला जाऊन तो बघून यायचे, कधी लागोपाठ दोन खेळ. म्हणायचे, बघितल्याशिवाय तोंड हाताला येत नाही. हसताना गाल कुठं चढतो ते फोटोत कळत नाही.

आत्याबाई पडल्या तेव्हापासून रिवाज पडला. मंगळवारी तोंड पुरं व्हायचं, आणि संध्याकाळी भाऊजी पलंगाशेजारी स्टुलावर बसून आख्खा पिक्चर सांगायचे. गाण्यांसकट, मारामारीसकट. मध्यंतराला मी चहा आणि भाजके शेंगदाणे न्यायचे. ते नेले नाहीत तर आत्याबाई दुसरा अर्धा भाग ऐकायच्या नाहीत.

"तुझ्या बुवांना मध्यंतर असतं का गं?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"असतं की. पूर्वरंग झाला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. मग आख्यान."

"चहा?"

"चहा नसतो."

"मग कसलं मध्यंतर ते."

एक गोष्ट मात्र त्या थट्टेनं बोलत नसत. मी एकदा त्यांना सांगितलं होतं की आमचे बुवा आख्यान कधी दुःखावर सोडत नाहीत. राजा स्मशानात उभा असेल आणि नऊ वाजून गेले असतील, तरी बुवा त्याला परत सिंहासनावर बसवूनच आरती घेतात. श्रोत्यांना स्मशानात ठेवून उठायचं नसतं. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "म्हणून मला तुझं कीर्तन पटत नाही. शेवट आधीच ठरलेला. माझा अनंता बघ. हिरो मेला तर मेला म्हणून सांगतो. मी रडले तरी बदलत नाही."

खरंच बदलायचे नाहीत. एकदा सगळ्या पिक्चरभर त्यांनी आईला हसवलं आणि शेवटी बहीण विहिरीत उडी घेते ते तसंच्या तसं सांगितलं. दोन दिवस आत्याबाई नीट जेवल्या नाहीत. मी म्हटलं, भाऊजी, तेवढं बदलायचं. ते म्हणाले, "वहिनी, पिक्चर माझा नाही. मला बदलायचा काय अधिकार?"

त्या मंगळवारी दुपारी गोजराकाकी आल्या. मालकांच्या चुलतीच त्या, आत्याबाईंच्या थोरल्या जाऊ, शेजारच्या गावातून रोज पायी यायच्या. येताना फडक्यात भाकरी-पिठलं आणायच्या. वाईट नव्हत्या. त्यांना रीत कळत होती आणि रीतीपलीकडचं काही कळून घ्यायचं नव्हतं. त्या मागच्या दारानं आल्या आणि मला स्वयंपाकघरात बसवलं.

"सोळा दिस झालं, द्वारके."

"हो काकी."

"तेरावा झाला, चौदावा झाला. आणि तुझ्या कपाळावर अजून हाय ते. कुणाच्या नावाचं लावतीस?"

चुलीवर चहा होता. तो उतू गेला. काकींनीच उठून पातेलं खाली घेतलं.

"त्याचा आत्मा घुटमळतोय, बाय. तू देवाधर्माची हायस, तुला मी सांगायचं व्हय? उद्या मी यनार. मीच सांगनार तिला. सांगायचं आणि तुझं पुसून घ्यायचं. तुझ्या भावालाबी निरोप धाडलाय, तुला माहेराला न्यायला."

"डॉक्टर म्हणालेत..."

"डाक्टरला काय, तो सांगून मोकळा. मरायचं तर ती सत्य ऐकून मरंल."

काकी गेल्यावर मी अंगणात गेले. भाऊजींना सांगितलं. ते शिडीवर होते, हिरोच्या डोळ्यांपाशी. खाली न बघता म्हणाले, "उद्या?"

"उद्या सकाळी."

त्यांनी ब्रश फडक्याला पुसला. पुसतच राहिले.

"काकीच्या तोंडून नको," ते हळूच म्हणाले. खिडकी उघडी होती. आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या. "मी सांगतो. आज संध्याकाळी. पिक्चरमधून."

"म्हणजे?"

"या पिक्चरात हिरो खलाशी आहे. आईला सोडून बोटीवर जातो. बोट बुडते. शेवटी त्याचा दोस्त त्याची पेटी घेऊन आईकडे येतो, आणि आई पेटी उघडते. मी ते सांगतो, आहे तसं. ती रडेल. पिक्चरसाठी रडायची तिला सवय आहे. रडता रडता मग दादाचं सांगतो. एकदम नाही बसणार."

मी मान हलवली. मला ते बरोबर वाटलं की नाही, आठवत नाही. काही वाटत होतं असंच आठवत नाही.

भाऊजींनी मग सगळ्यात बारीक ब्रश घेतला, पांढऱ्यात टोक बुडवलं आणि हिरोच्या उजव्या डोळ्यातल्या काळ्या बाहुलीवर एक ठिपका ठेवला. एवढंसं बोट टेकल्यासारखा. पण तो पडल्याबरोबर डोळा जिवंत झाला, आमच्याकडे बघायला लागला. मग ते डाव्या डोळ्याकडे सरकले, थोडे थांबले, आणि ब्रश पाण्याच्या डब्यात टाकून खाली उतरले.

खिडकीत आत्याबाईंचे डोळे उघडे होते.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"देखणा आलाय," आत्याबाई म्हणाल्या. बराच वेळ त्या तोंडाकडे बघत होत्या.

दिवेलागणीला घाटावरून झांजा ऐकू यायला लागल्या. उत्सवाचं कीर्तन सुरू झालं होतं. कर्ण्यातून बुवांचा आवाज यायचा, वारा फिरला की जायचा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी उत्सवात घरी होते. मी देवापाशी दिवा लावला. सुतकाचे दिवस संपले होते, घंटा वाजवायला हरकत नव्हती. वाजवली. झांजा ऐकून एरवी माझे पाय आपोआप दाराकडे वळायचे. त्या दिवशी कोणीतरी लांब भांडी घासतंय तसं ते कानावर पडत होतं.

भाऊजी स्टुलावर बसले आणि सुरू झाले.

पहिला अर्धा भाग त्यांनी झकास सांगितला. बंदर, बोटीचा भोंगा, मासे विकणारी आई, तिच्याशी रोज भांडणारी हिरोइन. भांडणात ते दोघींचे आवाज काढत होते. आत्याबाई हसल्या.

"एवढी भांडते म्हणजे लग्न हिच्याशीच," त्या म्हणाल्या.

"पुढं ऐक तरी."

"कळतं रे. पन्नास वर्षं बघतेय."

हिरो बोटीवर चढला. आई धक्क्यावर उभी. बोट लहान लहान होत गेली. "मध्यंतर," भाऊजी म्हणाले, आणि उठून स्वयंपाकघरात आले.

मी कपात चहा ओतत होते. त्यांनी माझा हात धरून किटली सरळ केली.

"वहिनी, तुम्ही पण आत येऊन बसा."

"बसते."

"मी बोललो की तिचा हात धरा."

मी चहा आणि शेंगदाणे नेले आणि पलंगाच्या पायथ्याशी बसले. आत्याबाईंनी एक एक दाणा सोलून खाल्ला. साली वाटीत ठेवल्या. मग म्हणाल्या, "हं. चालू कर."

दुसरा अर्धा भाग हळू चालला. वादळाचं त्यांनी फार लांबवलं. बोट बुडाली. आई रोज धक्क्यावर येते, लोक तिच्याशी बोलायचं टाळतात. गल्लीत सगळ्यांना कळलंय, हिला एकटीला नाही. भाऊजींनी पाणी मागितलं. मी दिलं.

"आणि मग एके दिवशी," ते म्हणाले, "संध्याकाळी दार वाजतं."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या हाताकडे सरकले.

"आई दार उघडते."

घाटावरून गजर आला. पूर्वरंग संपला असावा.

"दारात," भाऊजी म्हणाले, आणि थांबले. त्यांच्या भादरलेल्या डोक्यावरचे खुंट दिव्यात दिसत होते. "दारात तोच उभा असतो."

"कोण?"

"हिरो. वाचलेला असतो. एका बेटावर. दाढी वाढलेली. आईला वाटतं भास झाला. मग तो म्हणतो, आई, भूक लागलीय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"आणि ती पेटी?" आत्याबाईंनी विचारलं. "चित्रात खाली कोपऱ्यात आई काढलीयस, तिच्यापुढं पेटी आहे."

"पेटीत... साडी असते. आईला आणलेली."

"बेटावर साडी मिळाली?"

"आधी घेतलेली. पेटी तरंगत येते."

"कुठल्या रंगाची?"

"हिरवी," भाऊजी म्हणाले.

आत्याबाईंनी मान हलवली. "चांगला आहे पिक्चर," त्या म्हणाल्या. "चालेल पुष्कळ."

भाऊजी उठले. टॉकीजवर काम आहे म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर गेले.

मी बशी उचलायला वाकले. आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे. दिवा जरा खिडकीकडे धर."

मी धरला. बाहेर अजून पुरता अंधार नव्हता. चौकटीवरचं तोंड आमच्याकडे बघत होतं.

"डावा डोळा बघ."

बघितला. उजव्यात ठिपका होता. डाव्यात नव्हता. काळी बाहुली नुसती काळी होती. दिवसा माझ्या नजरेसमोर ते झालं होतं आणि मला काही खटकलं नव्हतं. एवढ्या मोठ्या तोंडात खटकतही नाही.

"पिक्चरात जो मरतो, त्याच्या डाव्या डोळ्यात अनंता ठिपका घालत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून. टॉकीजच्या मालकाला माहीत नाही, गावाला माहीत नाही. मला एकटीला सांगितलंय. म्हणतो, लोकांना सांगायचं नाही, पण खोटंही काढायचं नाही. आज मला सांगताना विसरला, मला माहीत आहे ते."

मी दिवा धरून उभी होते.

"अनंतानं आजवर एकाचाही शेवट बदलला नव्हता," त्या म्हणाल्या. "लाडू आणले नाहीत. दहा दिवस तुझी घंटा वाजली नाही. मी म्हटलं, म्हातारीचे खेळ आहेत मनाचे. आज खात्री झाली." मग त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"सोळा."

"कुठं?"

"विजयवाड्याच्या अलीकडे."

"अनंता होता शेवटच्याला?"

"होते. अग्नी त्यांनीच दिला."

त्यांनी डोळे मिटले. मी वाट बघत होते. डॉक्टर म्हणाले होते ते आता होईल, असं वाटत होतं. छाती वरखाली होत होती, सावकाश. हिला पाणी द्यावं, कोणाला बोलवावं, यातलं काहीच मी केलं नाही. दिवा जड झाला तेव्हा खाली ठेवला.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "गोजरा उद्या येणार आहे ना? दुपारी ऐकलं मी. तिचा आवाज भिंतीला अडत नाही."

"येणार आहेत."

"अनंताला काही सांगू नकोस. त्यानं एवढी साडीबिडी आणली. राहू दे त्याला तसंच." आणि मग, "जेवायला वाढ. भूक नाही, पण वाढ."

सकाळी काकी आल्या. पुढच्या दारानं आल्या, आत येऊन पलंगापाशी बसल्या आणि पदर सावरला. त्यांच्या हातात एक ओलं फडकं होतं, घडी केलेलं. भाऊजी अंगणात चौकट उतरवत होते. शुक्रवारऐवजी बुधवारीच न्यायची म्हणाले. मी दारात उभी होते.

"बाय," काकींनी सुरुवात केली, "मन घट्ट कर. एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चांगला मोठा होता, अंगणात जाईल एवढा. "माझा यशा तिकडेच राहणार आहे काही महिने. काम वाढलंय, अनंता म्हणाला. पत्र येईल. आलं की अनंता वाचून दाखवणार आहे मला."

अंगणात भाऊजींचे हात थांबले.

"आता द्वारकेचं," त्या पुढं म्हणाल्या. "गोजरा, ही चौकट दर आठवड्याला जाते. गेली की दुसरी लागेपर्यंत माझ्या खिडकीतून नळ दिसतो. नीट दिसतो. गल्लीतल्या कोणत्या बाईनं काय नेसलंय, कपाळावर काय आहे, सगळं." त्या थांबल्या. "माझा मुलगा परगावी असताना माझी सून बिनकुंकवाची पाण्याला गेलेली मला चालायची नाही. मी बघत असते."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग आत्याबाईंकडे. फडकं त्यांच्या मुठीत होतं, पाणी गळून लुगड्याला ओल आली होती.

"तुला..." त्या म्हणाल्या.

"मला काय?"

काकींची नजर फडक्यावर गेली.

"डॉक्टर सांगतात मला धक्का सोसायचा नाही," आत्याबाई म्हणाल्या. "तू काय सांगणार होतीस, सांग. वाईट असेल तर विचार करून सांग."

चूल विझत आल्याचा धूर येत होता. काकींनी फडक्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. "काय न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "पिठलं आणलंय. गार व्हईल."

"मी सव्वीस वर्षांची असताना माझं कुंकू गेलं, तेव्हा असंच फडकं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्याच हातात. आठवतं?"

"आपल्या सासूनं सांगितलं होतं मला."

"माहीत आहे. तुला दोष देत नाही. पण ओलं होतं आणि फार गार होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "द्वारके, आज फिकट लावलंयस. ठळक लाव. नळ लांब आहे, मला दिसायला पाहिजे."

माझा भाऊ आला तो एकटाच परत गेला. म्हातारीला कळू द्यायचं नाही ना, असं काकींनीच त्याला समजावलं. त्या दिवसापासून मी मागच्या दारातला आरसा आत नेला. पुढच्या दारानं, अंगणातून नळावर जायला लागले. बायका पहिल्यांदा गप्प व्हायच्या. मग एकीनं दुसरीला सांगितलं, म्हातारी खिडकीतून बघते, इलाज नाही. मग सवय झाली.

आत्याबाई आणखी आठ महिने होत्या. मार्गशीर्षात झोपेतच गेल्या.

चौदावा झाल्यावर भाऊजींनी एका चौकटीवर नवं कापड ताणलं आणि ट्रंकेतला आईचा फोटो काढला. चौकट त्यांनी या वेळी खिडकीखाली भिंतीला टेकवून गल्लीकडे तोंड करून ठेवली होती. जिला आतून दाखवायची ती आता उरली नव्हती. तीन दिवसांत तोंड उभं राहिलं. नाकातली मोरणी, ओठ मुडपायची सवय, सगळं. मी अंगणात उभी राहून बघत होते. त्यांनी बारीक ब्रश घेतला, उजव्या डोळ्यात ठिपका ठेवला. डाव्यापाशी हात गेला आणि राहिला.

"त्यात घालायचा नाही ना?" मी म्हटलं.

ते वळले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आत्याबाईंनी."

"कधी?"

"खलाशाच्या पिक्चरच्या दिवशी. तुम्ही शेवट सांगून बाहेर गेलात, त्यानंतर."

ते शिडीवरून उतरले. सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. ब्रश हातात उभा होता, पांढरा रंग दांड्यावरून बोटांवर येत होता.

"म्हणजे हिरवी साडी..."

"हो."

"वहिनी, मी आठ महिने दादाची पत्रं वाचली तिच्यापुढं. रात्ररात्र बसून लिहायचो. टॉकीजमधल्या माणसाला आंध्रात जाणारा कोणी गाठायला लावून तिकडून टाकायला लावायचो, शिक्का तिकडचा पाहिजे म्हणून." ते थांबले. "चुका काढायची. यशा 'आपला' लिहीत नाही, 'तुझा' लिहितो. यशाला वांगं आवडत नाही, तो वांग्याचं लिहिणार नाही. मी पुढच्या वेळी सुधारून लिहायचो."

"ऐकायच्या मन लावून," मी म्हटलं.

"मध्यंतराला थांबवायची. चहा आण म्हणायची."

"हो. मीच आणायचे."

ते उठले, दोन पायऱ्या चढले, ब्रश पुन्हा पांढऱ्यात बुडवला आणि डाव्या डोळ्यात ठिपका ठेवला. शिडी मिटवली आणि रंगाच्या करवंट्या धुवायला घेतल्या.

संध्याकाळी पाणी यायची वेळ झाली होती. मी कळशी घेतली. ओसरीवर गोजराकाकी बसल्या होत्या, चौदाव्यापासून गेल्याच नव्हत्या. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. आता अडवायला खिडकीत कोणी नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

मी अंगणातून पलीकडे नळावर गेले, कळशी लावली आणि मागे वळून बघितलं. चौकटीतून आत्याबाई नळाकडे बघत होत्या, दोन्ही डोळ्यांनी. ओसरीवरून काकींना त्या दिसत नव्हत्या, पण काकी उठून अंगणात आल्या, चौकटीसमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या.

कळशी भरून वाहायला लागली होती. मी पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, कळशी उचलली. काकी बाजूला झाल्या.

"दमानं ये," त्या म्हणाल्या. "वल हाय हितं."